बबल मधे येईपर्यंत

“काकू, एका रात्रीसाठी कशाला एवढा खटाटोप?”

पवना धरणाच्या काठावर शेजारच्या तंबूतला एक मुलगा मला हे विचारून गेला. मी तेव्हा कॅरावॅनच्या डाव्या चाकाशी उकिडवी बसले होते. हाताला लाल माती, समोर लाकडाच्या दोन पाचरी, आणि नवरा गाडीच्या खिडकीतून मान बाहेर काढून “आणखी घेऊ? आणखी?” विचारत होता. मुलाच्या बोलण्यात चेष्टा नव्हती, तो मदतीलाच आला होता. त्यांचे तंबू बघता बघता उभे राहिले होते, निखाऱ्यावर काहीतरी भाजायला पडलं होतं, आणि आम्ही अजून चाकाखाली फळ्या सरकवतोय याचं त्याला मनापासून वाईट वाटत असावं. मी “झालंच रे” म्हणाले आणि तो गेला. प्रश्न तेवढा राहिला. रात्री भांडी विसळताना राहिला, परतीच्या वाटेवर सोमाटण्याच्या टोलनाक्याच्या रांगेत राहिला, आणि कर्वेनगरला घरी येऊन कपडे वाळत घालतानाही तो होताच. उत्तर नव्हतं असं नाही. पण ते एका वाक्यात त्याला देता आलं नसतं.

गाडीच्या मागे ओढायची कॅरावॅन जागेवर नेली म्हणजे मुक्काम झाला, असं लोकांना वाटतं. खरं काम तिथून पुढे सुरू होतं, आणि त्याचा क्रम ठरलेला आहे. आधी आडवी सपाटी, म्हणजे डावं चाक आणि उजवं चाक एका पातळीत. हे गाडीला जोडलेली असतानाच करायचं. जी बाजू खाली आहे त्या चाकापुढे पाचर ठेवायची आणि गाडीनं हळूहळू ओढून चाक तिच्यावर चढवायचं. मग हँडब्रेक, चाकांना दोन्ही बाजूंनी अडसर, आणि त्यानंतरच गाडीपासून सोडवायची. उभी सपाटी नंतर येते. पुढच्या दांड्याला एक छोटं चाक असतं, त्याचं हँडल फिरवलं की नाक वर किंवा खाली होतं. सगळ्यात शेवटी चार कोपऱ्यांतले पाय जमिनीला टेकवायचे. नुसते टेकवायचे. पुष्कळ जण या पायांनीच कॅरावॅन उचलून सरळ करायला बघतात. पण ते पाय ती हलू नये म्हणून दिलेले असतात, वजन पेलायला नव्हे. वजन चाकांवरच राहायला हवं. पायांनी उचललं तर सांगाड्याला पीळ बसतो, आणि सकाळी दार चौकटीत बसेनासं झालं की तो पीळ कळतो.

दोन चाकांमधलं अंतर साधारण दोन मीटर धरलं, तर एक अंशाचा कल म्हणजे साडेतीन सेंटिमीटर. बोटाच्या दोन पेरांएवढं. एवढ्यानं काय होतं? कढईतलं तेल एका कडेला गोळा होतं आणि फोडणीतली मोहरी दुसऱ्या कडेला कोरडी जळते. मोरीत पाणी साचतं. कपाटाचं दार आपोआप उघडतं. आणि आमच्या कॅरावॅनमधला गॅसवर चालणारा फ्रिज रुसतो. त्या फ्रिजला मोटर नाही, पंप नाही, आवाजही नाही. बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या स्टॉकहोमच्या दोन विद्यार्थ्यांनी १९२२ साली हे यंत्र शोधलं. खाली छोटी ज्योत, नळ्यांमध्ये अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन. उष्णतेनं अमोनिया पाण्यातून सुटून वर जातो, थंड होऊन द्रव होतो, उतरत्या नळीतून आत येतो, तिथली उष्णता शोषून वाफ होतो आणि पुन्हा पाण्यात मिसळतो. हा सगळा प्रवास नळ्यांच्या उतारावर चालतो. फ्रिज फार कलला, जुन्या बनावटीत तीन अंशांच्या आसपास जरी गेला, तरी द्रव नळीत भलतीकडेच साचतो, फेरा थांबतो, खालची ज्योत मात्र तापवतच राहते. तसाच बराच वेळ चालू ठेवला तर नळ्या आतून कायमच्या तुंबतात. मोटर नसलेलं यंत्र आणि त्याची एकच अट: मला सरळ उभं करा. मला ही अट फार आवडते.

डोळ्यांना मात्र यातलं काहीच कळत नाही.

त्या दिवशीच्या जागेवर उभं राहिलं की वाटत होतं, उजवी बाजू खाली आहे. मला वाटलं, नवऱ्याला वाटलं, खुर्चीत मटार सोलत बसलेल्या आईलाही तसंच वाटलं. पाणसळ, म्हणजे काचेच्या नळीत हवेचा बबल असलेली सपाटी बघायची पट्टी, आत जमिनीवर, बरोबर चाकांच्या रेषेवर ठेवली, तर बबल उजवीकडे पळाला. बबल नेहमी वर चढतो, म्हणजे खाली होती ती डावी बाजू. समोर तिकोना गडाचा उतार एका अंगानं खाली येतो, मागचा बांध तिरका आहे, आणि डोळा या सगळ्यांची सरासरी काढून आपली एक खोटी आडवी रेष ठरवतो. लेहजवळच्या ज्या रस्त्यावर गाड्या चढावर आपोआप जातात म्हणतात, तिथेही हेच होतं. डोंगर डोळ्याला फसवतात आणि उतारच चढ दिसायला लागतो.

तेवढ्यात जागेचे मालक आले. आम्ही त्यांना काका म्हणतो. त्यांनी पाणसळीकडे पाहिलंसुद्धा नाही. चपला न काढता बांधावर उभे राहिले आणि म्हणाले, “ताई, ह्यो डावा कोपरा खाली हाय. पावसात पानी हितनंच निघतं बगा.” झालं. आम्ही गुडघ्यावर बसून जे शोधलं ते त्यांना उभ्या उभ्या ठाऊक होतं. मावळात भाताची शेती करणाऱ्याला सपाटी शिकवावी लागत नाही. चिखलणी झाली, खाचरात पाणी चढवलं, की शेताच्या छातीवरचे उंचवटे उघडे पडतात आणि खड्डे बुडतात. मग त्यावर फळी फिरवायची, उंचाचा चिखल खाली ओढायचा, पाणी सगळीकडे सारखं उभं राहीपर्यंत. एका कोपऱ्यात पाणी जास्त झालं तर तिथला आवण, म्हणजे भाताची रोपं, गुदमरतो, दुसरीकडे कमी पडलं तर तण माजतं. काकांच्या घरचा इंद्रायणी आम्ही पोत्यानं आणतो. भात शिजताना जो वास घरभर होतो, त्यामागे त्या फळीचा किती हात आहे हे मला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं.

माझे वडील सरकारी नोकरीत सर्व्हेअर होते. कालवे, धरणं, कधी रस्ते. घरात त्यांचं यंत्र यायचं नाही, पण सुट्टीत आम्ही कॅम्पवर जायचो तेव्हा मी त्या डम्पी लेव्हलच्या, म्हणजे जमिनीची उंचसखल पातळी मोजायच्या यंत्राच्या, दुर्बिणीतून बघितलेलं आहे. जुन्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसायचं. खलाशी, म्हणजे सर्व्हेतला मदतनीस, आकड्यांची पट्टी धरून लांब उभा असायचा, आणि मला तो पाय वर, डोकं खाली, आभाळात रोवलेला दिसायचा. बाबा मात्र त्या उलट्या आकड्यांवरून सरसर वाचत जायचे आणि वहीत लिहायचे. बघण्याआधी दर वेळी एकच प्रश्न: “बबल मधे आला?” यंत्राच्या तीन स्क्रूंवर बोटं, ओठ घट्ट मिटलेले, नजर त्या काचेच्या नळीवर. नळी सरळ दिसते पण आतून किंचित कमानदार असते, म्हणून तर बबलला सर्वांत वरची जागा सापडते. मेल्शिसेदेक तेव्हनो नावाच्या फ्रेंच विद्वानानं ही युक्ती १६६१च्या सुमाराला काढली. दारूसारखा पातळ द्रव भरायचा, म्हणजे थंडीत गोठत नाही आणि बबल चटकन हलतो. साडेतीनशेहून अधिक वर्षं झाली, तीच नळी माझ्या हातातल्या पिवळ्या पाणसळीत आहे. मोबाइलमध्येही सपाटी दाखवणारं अॅप आहे आणि ते बरंच अचूक असतं. तरी मी नळीच वापरते. तो हिरवा थेंब रेघांच्या मधे येऊन थांबताना बघायला मला आवडतं, याखेरीज त्याचं कारण नाही.

बाबांनी एकदा कालव्याच्या काठावर बसून सांगितलं होतं की सपाट म्हणजे सरळ नव्हे. पृथ्वी गोल आहे, त्यामुळे पाण्याची पातळीही तिच्याबरोबर वळते. एक किलोमीटर अंतरात दुर्बिणीची सरळ नजर पाण्याच्या पातळीपेक्षा जवळजवळ आठ सेंटिमीटर वर निघून जाते. मी तेव्हा शाळेत होते आणि मला ते खरं वाटलं नव्हतं. कालव्याकडे बघून मी म्हटलं, “मग हे वाकडं आहे?” बाबा म्हणाले, “पाणी कधी वाकडं नसतं. आपण सरळ असतो.” या वाक्यावर मी पुढे बराच विचार केलेला आहे.

आजीचं घर नारायण पेठेत होतं. जुना वाडा, लाकडी खांब, माजघराची शेणानं सारवलेली जमीन. गोटी सोडली की ती हमखास देवघराच्या उंबऱ्याशी जाऊन थांबायची. माजघराच्या भिंतीवर एक मळकट रेघ होती, कितीही चुना काढला तरी वर्षभरात पुन्हा उमटणारी. १२ जुलै १९६१ची, पानशेतच्या पुराची. पाणी त्या उंचीला येऊन काही काळ उभं होतं. मी लहानपणी त्या रेघेला टेकून चालायचे. ओसरीच्या दाराशी ती माझ्या खांद्याला लागायची आणि देवघराशी पोचेपर्यंत कानावर यायची. मला वाटायचं, पूर तिकडे चढत गेला असणार. बाबांनी दाखवलं की रेघ तसूभरही चढलेली नाही, जमीन उतरत गेलेली आहे. त्या सगळ्या वाड्यात, वाकलेल्या तुळया, कललेले जिने, खचलेले उंबरे यांच्यात, खरोखर आडवी अशी एकच गोष्ट होती आणि ती पुरानं काढलेली होती. आजी त्या रेघेकडे पाठ करून बसायची. तिच्यासाठी ती रेघ म्हणजे वाहून गेलेली भांडी, भिजलेलं धान्य, गल्लीतली माणसं. मला त्यातली भूमिती दिसायची आणि तिला तो दिवस. दोघींचं बघणं एकाच भिंतीवर चालायचं.

पुण्याचं पाण्याशी हे नातं मुळातच उताराचं आहे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५०च्या सुमाराला, कात्रजच्या तलावातून शहरात जे पाणी आणलं, ते दगडी बांधणीच्या जमिनीखालच्या नळातून, निव्वळ ढाळावर. मधे मधे उच्छ्वास ठेवलेले, हवा निघावी आणि गाळ बसावा म्हणून. पेठांतले हौद त्यावर भरत आणि शनिवारवाड्यातली कारंजीही त्याच पाण्यावर उडत. इतक्या लांबच्या अंतरात ढाळ कुठे जास्त झाला तर पाणी बांधकाम खाऊन टाकणार, कमी झाला तर गाळ बसणार. स्वारगेटच्या गर्दीत सिग्नलला उभी असले की मी कधी कधी विचार करते, या डांबराखालून तो ढाळ कुणी कसा साधला असेल. त्यांची नावं मला ठाऊक नाहीत. काम मात्र शंभर वर्षांहून कितीतरी अधिक काळ पाणी देत राहिलं.

आणि तरीही सपाटी ही गोष्ट निरपराध नसते, हे पवनेच्या काठावर बसून विसरता येत नाही. धरणाचं पाणी कुठपर्यंत येणार, हे एका समपातळी रेषेनं ठरतं. कुणीतरी माझ्या बाबांसारखाच माणूस दुर्बीण घेऊन डोंगराच्या अंगावरून ती रेषा चालत गेलेला असतो, ठरावीक उंचीवर खुणेचे दगड रोवत. दगडाच्या वर तुमचं घर आलं तर राहिलं, खाली आलं तर गेलं. काकांचं जुनं घर खाली आलं. जमिनीचा एक तुकडा वर राहिला, आता आम्ही कॅरावॅन लावतो तो. उन्हाळ्यात पाणी हटलं की वाघेश्वराचं पुरातन देऊळ उघडं पडतं, एरवी वर्षातले बहुतेक महिने ते पाण्याखाली असतं. त्याच दिवसांत काकांच्या जुन्या खाचरांचे बांधही वर येतात, एकाखाली एक, वाकडे पण प्रत्येक आपल्या जागी अचूक आडवा. एका एप्रिलमध्ये काकांनी मला तिथे नेऊन दाखवलं होतं. “हे आमचं, हे चुलत्याचं, ह्या बांधावर आंबा होता.” गाळ सुकून त्याला भेगा पडलेल्या होत्या आणि ते त्या भेगांवरून घरात चालावं तसे चालत होते.

माझे वडील या धरणावर नव्हते, दुसऱ्या एका धरणावर होते. काकांना मी हे सांगितलं तेव्हा ते थोडं थांबून म्हणाले, “मंग त्येंनी बी लोकांचे दगुड रोवले असतील.” रोवले होते. घरी आल्यावर बाबा त्याबद्दल बोलत नसत, आणि आम्हीही विचारत नव्हतो. आईला विचारलं तर ती सांगते की एका गावात म्हातारीनं त्यांना ताक प्यायला दिलं होतं आणि दुसऱ्या दिवशी दगड तिच्या अंगणाच्या वरच्या बाजूला रोवायची वेळ आली. ते काम त्यांनी नीट केलं. आकडा बरोबर होता. मला वडिलांच्या अचूकपणाचा अभिमान आहे, आणि तो अचूकपणा ज्या कामाला लागला त्याची खंतही. या दोन गोष्टी माझ्या मनात अजून एका पातळीत आलेल्या नाहीत.

पण त्याच बाबांचं आणखी एक आईला आठवतं. सर्व्हेच्या दिवसांत मुक्काम सारखा हलायचा, कधी एकेका रात्रीपुरतीच राहुटी पडायची. सामान उतरलं की बाकी काहीही करण्याआधी ते खाटेचे पाय बघायचे. चपटे दगड शोधून आणायचे, खाट हलवून बघायचे, पुन्हा एक दगड बदलायचे. मग चूल. चुलीचे तीन दगड बसवताना पातेल्यात पाणी घालून ते काठाशी सगळीकडे सारखं येतंय का ते बघायचे. दमून आलेली माणसं, अंधार पडत आलेला, पहाटे निघायचं. आई म्हणते, “मी चिडायचे. पण झोप लागायची.” आता तिला चक्कर येण्याचा त्रास आहे. कानाच्या आत कॅल्शियम कार्बोनेटचे अतिसूक्ष्म कण असतात, शरीराला वर-खाली कळतं ते त्यांच्यामुळे. ते कण जागेवरून सरकले की कूस बदलतानाही खोली गरगर फिरते. आमच्यात सगळ्यात नेमकी पाणसळ तिच्याच कानात आहे. पाय टेकवून झाले की ती आत जाऊन आडवी होते, डोळे मिटते, आणि सांगते, “उशाकडची बाजू जरा वर घ्या. बाकी ठीक.” मग मी पाय पुन्हा वर घेते, पुढच्या चाकाचं हँडल दोन फेरे फिरवते आणि पाय परत टेकवते.

त्या मुलाला मला हे सांगायचं होतं. एक रात्र म्हणजे कमी महत्त्वाची रात्र, असं मी मानत नाही. जिथे कायमचं राहायचं असतं तिथे चुकीला वेळ असतो; आज फरशी उतरती निघाली तर पुढल्या दिवाळीत बदलता येते, वाड्याच्या कललेल्या माजघराची सवयसुद्धा होते. एका रात्रीत सवय व्हायला जागा नसते. त्या एका रात्री कुणीतरी तिथे झोपणार आहे, कुणीतरी तिथे स्वयंपाक करणार आहे, आणि त्याला ती जमीन अंगाखाली सरळ मिळाली पाहिजे. सकाळी आम्ही पाचरी काढतो, फळ्या पुसतो, चाकांचे वळ तेवढे उरतात. त्या वळांसाठी अर्धा तास गेला तर तो योग्य गेला.

काकांना आता तिथे कॅरावॅनसाठी पक्की जागा करायची आहे, कारण आमच्यासारखी आणखी काही मंडळी विचारायला लागली आहेत. गेल्या खेपेला आम्ही लेव्हल पाइप घेऊन गेलो, गवंडी वापरतात ती पारदर्शक नळी. पाणी भरून आतली हवा झटकून झटकून काढली, एक टोक मी बांधावरच्या खुणेला धरलं, दुसरं काका घेऊन फिरले. “थांबलं का?” “थांबलं!” असं ओरडत सगळ्या जागेवर खुंट्या मारल्या. खुंट्यांवरून दिसलं की डावा कोपरा वीतभर खाली आहे. माझं म्हणणं, सगळीकडे मुरूम टाकून धुमसानं ठोकून एक पातळी करावी. काकांना ते पटेना. पावसात मावळात काय होतं ते तुम्ही पुण्यात बसून सांगू नका, सपाट केलं तर पाणी तुंबून मुरूम उचलून नेईल, असं ते म्हणाले, आणि ते खरं आहे. म्हणून चाकांपुरत्या दोन पट्ट्या फरशीच्या, अगदी सपाट, आणि बाकीच्या जागेला ढाळ, असं ठरलं. मी ढाळ तळ्याकडे द्या म्हणत होते. काका म्हणाले, तळ्याकडे कशाला, तिकडं आधीच लई पानी गेलंय. खालच्या अंगाला माझं खाचर हाय, त्यात घेऊ. आम्ही खुंट्या उपटल्या आणि ढाळ खाचराकडे धरून पुन्हा मारल्या. मुरुमाची ट्रॉली शिमग्यानंतर येईल.